ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप

पोर्टलंड सिमेंटमध्ये साधारण १० ते १५ टक्के ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळून, फिरत्या दांड्यावर पातळ थर दाबत-गुंडाळत हा पाइप बनवतात. बोलीत तो ‘एसी पाइप’. भारतीय मानक आयएस १५९२. तो गंजत नाही आणि बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पाइपापेक्षा हलका असतो, म्हणून पाणीयोजनांत रुळला. मुंबईत तानसासारख्या मोठ्या वाहिन्या पोलादी आहेत. ॲस्बेस्टॉस सिमेंटशी गाठ पडते ती जास्त करून जुन्या इमारतींच्या आणि कारखान्यांच्या आवारात.

मऊ पाणी आतून आणि सल्फेटयुक्त माती बाहेरून सिमेंटमधला चुना खाते. बाहेरून धडधाकट दिसणारा पाइप किती उरलाय, हे त्याच्या कापावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारे रसायन लावल्यावर कळते: शाबूत सिमेंट गुलाबी होते, चुना गेलेली कड राखाडीच राहते. गुलाबी पट्टा बारीक असेल तर पाइप बदलावा, डागडुजीत पैसे घालू नयेत. भरावाची जमीन पावसाळ्यात खचली की लहान व्यासाचा पाइप काकडीसारखा आडवा मोडतो.

लोकांना भीती पाण्याची वाटते. खरा धोका धुळीचा आहे. पिण्याच्या पाण्यातील तंतूंसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा ठरवलेली नाही, पण श्वासातून गेलेल्या तंतूंमुळे ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुसे राठ होण्याचा आजार), फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) होतो, तोही बहुधा कित्येक वर्षांनी. म्हणून पाइपावर ग्राइंडर कधीच चालवू नये. कोरड्या कापातून उडणारी पांढुरकी भुकटी खड्ड्यातल्या प्लंबरच्या थेट नाकात जाते. शक्यतो सांध्यातून सोडवून अखंड नळी काढावी. कापावाच लागला तर साबणाच्या पाण्याने भिजवत हातकरवतीने किंवा साखळी-कटरने कापावा. मास्क पी३ दर्जाचा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा. तोंडाला बांधलेला रुमाल काहीच अडवत नाही. अंगावरचा कामाचा पोशाख घरी नेऊ नये. चुरा झाडूने लोटू नये, ओल्या फडक्याने टिपावा आणि ते फडकेही घातक कचऱ्यात धरावे. गाळ गटारात सोडू नये.

तुकडे ओलेच ठेवून जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळावेत, त्यावर चिठ्ठी लावावी आणि ते अधिकृत घातक कचरा केंद्राकडे द्यावेत. मुंबई परिसरात असे केंद्र तळोज्याला आहे. नेहमीच्या डेब्रिजच्या ट्रकमध्ये टाकले तर पुढे राडारोडा भरडताना तीच धूळ उडते. जमिनीत सोडलेला पाइप दोन्ही टोकांना बुचे मारून नकाशावर नोंदवावा, नाहीतर पुढच्या खोदाईत जेसीबीच्या दातांखाली तो नकळत फुटतो.