कोकण किनाऱ्यावर क्लबचा ठेका कसा बदलत गेला

कधी टेक्नो, कधी आफ्रो हाऊस, त्याआधी बिग रूम. क्लबमधल्या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा चालता प्रकार बदलला की 'लोकांची आवड बदलली' असं म्हणून विषय मिटवला जातो. हे उत्तर अपुरं आहे. वागातोरपासून अलिबागपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जे प्रकार आले आणि ओसरले, त्यांच्यामागे तीन साध्या गोष्टी दिसतात: गाणं कशावरून वाजतं, किती वाजेपर्यंत वाजवता येतं, आणि डोक्यावर आभाळ आहे की छत. आवड या तिन्हींच्या मागून येते.

या संगीताची मुळं अमेरिकेत आहेत. १९७७ पासून शिकागोच्या 'वेअरहाऊस' क्लबात फ्रँकी नकल्स डिस्कोची गाणी लांबवून, पुढे त्यांच्याखाली ड्रम मशीन म्हणजे ठोके वाजवणारं यंत्र घालून वाजवत होता. त्यातून हाऊस घडला. डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन यांनी टेक्नो उभा केला. दोन्हीकडे अवजारं बहुतेक तीच होती, रोलंड कंपनीची टीआर-८०८ आणि टीआर-९०९ ही ड्रम मशीनं आणि टीबी-३०३ हे बेसचे म्हणजे खर्जातले सूर काढणारं यंत्र. बाजारात न चालल्यामुळे ही यंत्रं जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळत, म्हणूनच ती तरुण पोरांच्या हाती पडली.

मुंबईतली एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. १९८२ मध्ये चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी ८०८ आणि ३०३ वर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून ध्वनिमुद्रित केले. ३०३ मध्ये 'स्लाइड'ची सोय आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, आणि मींडेची सवय असलेल्या वादकाला तिचा उपयोग लगेच सुचणं साहजिक होतं. शिकागोतला ॲसिड हाऊस, म्हणजे ३०३ च्या सुरांवर उभा असलेला हाऊस, १९८७ मध्ये गाजला, त्याच्या पाच वर्षं आधीचं हे काम आहे. मात्र त्यातून इथे कुठलीही चळवळ उभी राहिली नाही. ती तबकडी त्या वेळी फारशी खपली नाही आणि २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावरच जगाच्या कानावर गेली. तिला हाऊसची जननी म्हणणं अतिशयोक्तीचं आहे. तिचं मोल त्या दाव्यावाचूनही कमी होत नाही.

गोव्यात हणजूण, वागातोर, शापोरा या पट्ट्यात साठच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी आले, तेव्हा गिटार आणि रॉकच्या टेप वाजत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रात्रीच्या मेळाव्यांत इलेक्ट्रॉनिक संगीत शिरलं. इथे पहिला निर्णायक घटक माध्यमाचा. युरोपातले डीजे तबकड्या वाजवत होते, पण किनाऱ्यावर ते जमणारं नव्हतं. उन्हात तबकडी वाकते, सुईखाली वाळू जाते, जमिनीतून आलेला बेस सुईला हलवतो, आणि शंभर तबकड्यांचं ओझं हंगामभर वागवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून सगळा भार कॅसेटवर आला. कॅसेटचा एक फायदा असा की ती घरी बसून कापता-जोडता येते. डीजे गाण्यातले शब्दांचे भाग काढून टाकत, मधला वाद्यांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडून तीन मिनिटांचं गाणं आठ मिनिटांचं करत. बेल्जियम-जर्मनीचा कडक यांत्रिक नाद, इटालियन डिस्को, ब्रिटिश सिंथ-पॉप अशा वेगवेगळ्या मालातून बिनशब्दाचं, लांबलचक, एकसलग संगीत तयार होऊ लागलं. पुढे गोवा ट्रान्स म्हणून जो प्रकार प्रसिद्ध झाला, त्याची घडण या कात्रीतून झाली आहे.

१९८७ मध्ये डॅट म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप आली. आवाज स्वच्छ, टेप काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, दोन छोटी यंत्रं पिशवीत मावणारी. अडचण एकच, बहुतेक यंत्रांवर वेग कमी-जास्त करायची सोय नव्हती. त्यामुळे दोन गाण्यांचे ठोके जुळवून एकात दुसरं मिसळणं शक्य होत नसे. यावरचा उपाय रचनाकारांनी गाण्यातच केला. सुरुवातीचं मिनिट-दीड मिनिट ठोक्याविना, नुसते पसरणारे सूर. शेवटही तसाच. एक गाणं विरत असताना दुसरं त्यावर चढवायचं, ठोके जुळायची गरजच नाही. आज अनेकांना त्या लांब प्रस्तावना 'आध्यात्मिक वातावरणासाठी' असाव्यात असं वाटतं. तसा परिणाम होतोच, पण मूळ गरज यंत्राची होती. डॅटचा किनाऱ्यावरचा शत्रू होता दमटपणा. थंड खोलीतून यंत्र एकदम बाहेर आणलं की टेप वाचणाऱ्या फिरत्या भागावर, म्हणजे हेडवर, बाष्प धरायचं, टेप त्याला चिकटण्याचा धोका म्हणून यंत्र स्वतःहून बंद पडायचं आणि हेड सुकेपर्यंत काही करता येत नसे. यंत्र तासभर आधी बाहेरच्या हवेत आणून ठेवणं हाच मार्ग होता. गोवा गिल या नावाने ओळखला जाणारा गिल्बर्ट लेव्ही (निधन २०२३) हा डीजे इतर सगळे पुढे सरकल्यावरही डॅटवरच वाजवत राहिला.

गोवा ट्रान्सच्या बहुतेक रचना गोव्यात झाल्या नाहीत. त्या लंडन, इस्रायल, जर्मनीतल्या स्टुडिओंत होत. गोवा ही त्या पारखण्याची जागा. 'ड्रॅगनफ्लाय' (१९९३) आणि 'टिप' (१९९४) ही लंडनची लेबलं म्हणजे ध्वनिमुद्रण कंपन्या याच वर्तुळातून निघाली. १८ डिसेंबर १९९४ रोजी बीबीसी रेडिओ १ वर पॉल ओकनफोल्डचा दोन तासांचा गोवा मिक्स प्रसारित झाला आणि हा प्रकार युरोपच्या मोठ्या क्लबांत पोहोचला. पुढची तीन-चार वर्षं भरभराटीची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो ओसरला, आणि याचं कारण संगीतातच होतं. एकावर एक सात-आठ सुरावटी चढवल्यामुळे बेसला जागा उरेना. नव्या रचनाकारांनी सुरावटी उतरवून किक (मोठ्या ड्रमचा मुख्य ठोका) आणि बेस पुढे आणले, त्यातून सायट्रान्स झाला. इस्रायलमधून फुल-ऑन आला, उत्तर युरोपातून संथ प्रोग्रेसिव्ह आला, आणि जंगली अंधाऱ्या बाजाचा डार्कसाय वेगळा निघाला.

सायट्रान्सचं गणित समजल्याशिवाय पुढचा बदल कळणार नाही. मिनिटाला १४५ ठोके असतील तर एका ठोक्याला ४१४ मिलिसेकंद मिळतात. त्याचे चार भाग केले की एकेक भाग सुमारे १०३ मिलिसेकंदांचा. पहिल्या भागात किक, उरलेल्या तिन्हींत बेस. म्हणजे किकची शेपूट १०० मिलिसेकंदांच्या आत संपलीच पाहिजे. ती लांबली की किक आणि बेस ५०-६० हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर येतात, कधी एकमेकांना खातात, कधी नुसतीच घरघर उरते. उघड्यावर हा ठेका सुरेख उठतो, कारण आवाज परत फिरवायला भिंती नसतात. बंद खोलीत मात्र परावर्तित बेस पुढच्या तीन-चार सुरांवर सांडतो. समोरासमोरच्या भिंतींत ७ मीटर अंतर असेल तर ४९ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते, आणि त्या सुरातला बेस फुगतो, बाकीचे दबतात. इक्वलायझरने ४९ च्या आसपास अरुंद पट्टीत ३ ते ६ डेसिबल उतरवले तर फुगवटा आटोक्यात येतो. जिथे बेस ऐकूच येत नाही तिथे तो वाढवून उपयोग होत नाही, सबवूफरची, म्हणजे बेसच्या स्पीकरची, जागाच बदलावी लागते.

आता दुसरा घटक, घड्याळ. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये आले आणि जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे पाळायला सांगितले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५.

गावकऱ्यांची तक्रार खोटी नव्हती, हे क्लबच्या बाजूच्या लोकांनी मोकळेपणाने मानायला हवं. ही मर्यादा ज्या 'ए' मापाने मोजतात, ते माप ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी दाखवतं. मीटरवर सगळं नियमात असतं आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या घरात खिडकीची तावदानं थरथरतात. त्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार झाली की वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा ज्या वाडीपर्यंत काही पोहोचत नाही, तिथे रात्री किक मोजता येते. तीन सबवूफरपैकी एकाचं तोंड मागे वळवून, त्याला उलट फेज (आवाजाची लाट उलटी करणं) आणि योग्य विलंब दिला तर मागच्या बाजूचा बेस १० ते १५ डेसिबलने कमी करता येतो. पाठ गावाकडे, तोंड समुद्राकडे. दिवसाच्या कार्यक्रमालाही ही मांडणी करायला हवी, आणि ती फार कमी ठिकाणी केली जाते.

दहाच्या नियमाने प्रकारांची क्रमवारी उलटली. सायट्रान्सची रचना रात्रभराची असते: मध्यरात्री अंधारा बाज, पहाटे वेग तोच ठेवून सूर उजळत न्यायचे, उन्हं आल्यावर सुरेल. संध्याकाळी ५ ते १० या पाच तासांत हा प्रवास मावत नाही. त्या वेळेला मिनिटाला १२० ते १२४ ठोक्यांचा डीप हाऊस किंवा प्रोग्रेसिव्ह शोभतो. दहानंतर ज्यांना चालू ठेवायचं होतं, ते काचा लावून, भिंतींना अस्तर देऊन आत गेले, आणि आत वर सांगितलेली बेसची अडचण होती. १२२ च्या लयीत चौथा भाग १२३ मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे खोलीला शांत व्हायला २० मिलिसेकंद जास्त मिळतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बेस मोकळा ऐकू येणं आणि चिखल होणं यातला फरक तेवढ्यात पडतो. बंद जागांत हाऊस आणि टेक्नो स्थिरावले, त्यात या फरकाचा वाटा मोठा आहे असं आमचं ठाम मत आहे. काणकोणात पाळोळे इथे तिसरा मार्ग निघाला, हेडफोन पार्टीचा. दोन-तीन डीजे एकाच वेळी वेगवेगळ्या चॅनेलवर, आणि हेडफोनच्या दिव्याचा रंग पाहून कुठला प्रकार किती जण ऐकतायत ते डीजेला समोर दिसतं. आवड मोजायची इतकी प्रामाणिक पद्धत दुसरीकडे कुठेच नाही.

डिसेंबर २००७ मध्ये कांदोळीत 'सनबर्न' सुरू झाला, २०१३ मध्ये तिथेच 'सुपरसॉनिक' आला. हा काळ ट्रान्सच्या मोठ्या नावांचा आणि नंतर बिग रूमचा. लय १२८, लांब चढण, क्षणभर शांतता, मग मोजकेच सूर आणि अजस्र किक. हजारोंच्या मैदानात मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल असंच ते बेतलेलं असतं. दोनशे माणसांच्या खोलीत त्याचा तोच तोपणा लवकर उघडा पडतो, म्हणून २०१५ नंतर क्लबांतून तो झपाट्याने गेला. 'सनबर्न' २०१६ मध्ये पुण्याला हलला, पुढे गोव्यात परतला आणि २०२४ मध्ये पेडण्यातल्या धारगळला झाला. तोवर यूएसबीवरून वाजवणारी यंत्रं सर्वत्र आली होती आणि ठोके जुळवणं बटणावर आलं होतं. एकाच सेटमध्ये १२० ते १४० फिरणं सोपं झालं, त्यामुळे एका प्रकाराला धरून बसणारे डीजे कमी झाले. मेलोडिक टेक्नो, आफ्रो हाऊस, हार्ड टेक्नो यांच्या लाटा आता हंगामागणिक येतात. जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यातला मोपा विमानतळ सुरू झाल्याने मांद्रे, मोरजी, आश्वे हा भाग विमानाने येणाऱ्यांना जवळ आला.

उत्तरेला, रायगड-रत्नागिरीत, क्लब जवळजवळ नाहीत. तिथे हे संगीत हळदीच्या मांडवात आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजतं. बेंजो पथकांत ऑक्टोपॅड आला तेव्हाच यांत्रिक ठोक्याला दार उघडलं होतं. आता आगरी-कोळी गाण्यांचे सायट्रान्स मिक्स सर्रास ऐकू येतात. काम वाटतं तितकं सोपं नाही. नाचाची बरीच कोळीगीतं सहा मात्रांच्या झुलत्या चालीची, एका ठोक्याचे तीन भाग करणारी. हाऊस किंवा बिग रूममध्ये ठोक्याचे चार भाग होतात. १२८ च्या लयीत तिसरा भाग १५६ मिलिसेकंदांचा आणि चौथा ११७ चा, त्यामुळे हाय-हॅटचा (झांजेच्या बारीक ठोक्यांचा) पुन्हा पुन्हा फिरणारा तयार तुकडा वर ठेवला की ढोलकीशी सतत खडखडतो. सायट्रान्समध्ये तीन भागांचा बेस पूर्वीपासून वापरात आहे, म्हणून ती जोडणी जमते: हाय-हॅट काढायचा, किक प्रत्येक तीन भागांवर एक ठेवायची, बेसचे सुटे सूर उरलेल्या दोन भागांत बसवायचे. सॉफ्टवेअर अशा गाण्याची लय बहुतेकदा चुकीची वाचतं, १२८ च्या जागी ९६ किंवा १९२ दाखवतं. ती हाताने दुरुस्त केल्याशिवाय ठोके आपोआप जुळवणारं सिंकचं बटण दाबू नये. जुन्या ध्वनिमुद्रणांत ढोलकी मेट्रोनोमवर वाजवलेली नसते, कडव्यागणिक लय एक-दोन ठोक्यांनी पुढेमागे होते. म्हणून सुरुवातीला एकच खूण न करता दर चार आवर्तनांनी समेवर खूण करून गाणं ताणून घ्यावं लागतं. शेवटच्या कडव्यात वादक हमखास लय वाढवतात, तिथे दर आवर्तनाला.