कांजिण्या गेल्या, विषाणू राहिला

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात एका आजींना नागीण उठली होती. पाठीपासून डाव्या कुशीवरून पोटाकडे येणारा फोडांचा पट्टा, त्यावर गेरूचा लेप, आणि शेजारणींची एकच धास्ती: तोंड-शेपूट जुळलं की माणूस गेला. सहसा ते जुळत नाही. नागीण एका बाजूच्या मज्जातंतूच्या वाटेने उठते आणि अंगाच्या मध्यावर थांबते. आजी बऱ्या झाल्या, ठणका मात्र पुढे कितीतरी महिने राहिला. आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या नातवाला कांजिण्या आल्या.

नेमकं हेच १९व्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टच्या यानोश बोकाय यांना दिसलं होतं. घरात कुणाला नागीण झाली की काही दिवसांनी मुलांना कांजिण्या. दोन्हींमागे एकच विषाणू आहे, हे १९५०च्या दशकात थॉमस वेलर यांच्या प्रयोगशाळेत पक्कं झालं. पण कांजिण्यांनंतर पन्नास-साठ वर्षं तो असतो कुठे? याचं उत्तर मांडलं एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या गावच्या डॉक्टरांनी. स्वतःच्या दवाखान्यातल्या १६ वर्षांच्या नोंदी आणि नागिणीचे १९२ रुग्ण, एवढंच त्यांचं भांडवल. १९६५ साली त्यांनी लिहिलं की विषाणू मज्जागंडात, म्हणजे मज्जातंतूच्या मुळाशी असलेल्या पेशींच्या गाठीत, दडून बसतो आणि शरीराचा पहारा, म्हणजे प्रतिकारशक्ती, ढिला पडला की बाहेर येतो. मोठी प्रयोगशाळा नाही, फक्त नीट ठेवलेल्या वह्या. मला या सगळ्या इतिहासात हा माणूस सर्वांत आवडतो.

नागीण निदान दिसते तरी. तिचाच एक भाऊबंद, सायटोमेगॅलोव्हायरस, बहुतेकांच्या शरीरात जन्मभर राहतो आणि पत्ताही लागू देत नाही. १८८१मध्ये जर्मनीतल्या ह्युगो रिबर्ट यांना मृत जन्मलेल्या बाळाच्या मूत्रपिंडात अवाढव्य पेशी दिसल्या, पण त्यांचा अर्थ लागला नाही. विषाणू वेगळा काढता आला तो १९५६-५७च्या सुमारास.

त्याचा म्हातारपणाशी संबंध जुळला तो स्वीडनमध्ये. यॉनशॉपिंग शहरातल्या पंच्याऐंशीच्या पुढच्या लोकांचं रक्त संशोधक १९९०च्या दशकात वर्षानुवर्षं तपासत होते. पांढऱ्या पेशींतल्या मदतनीस पेशी एरवी मारक पेशींपेक्षा जास्त असतात. काहींमध्ये हे प्रमाण उलटं झालं होतं, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यू जास्त झाले, आणि त्यांच्या रक्तात या विषाणूच्या संसर्गाची खूण हमखास सापडे.

कारण पहाऱ्यातच आहे. विषाणू अधूनमधून डोकं वर काढतो, त्याला ओळखणाऱ्या पेशी पुन्हा पुन्हा वाढतात, आणि इतर संसर्गांनंतर ओसरतात तशा ओसरत नाहीत. २००५च्या एका अभ्यासात बाधितांच्या स्मृतिपेशींपैकी (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या पेशी) सरासरी दहा टक्के या एकाच विषाणूसाठी अडकलेल्या आढळल्या. इकडे छातीतली थायमस ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसत जाते, म्हणजे नव्या पेशींची भरतीही कमी. म्हणून म्हातारपणी लस कमी लागू पडते, असं काही जण म्हणतात. पण विषाणूला सरसकट दोष देणं मला पटत नाही: २०१५च्या एका अभ्यासात हाच विषाणू असलेल्या तरुणांनी फ्लूच्या लशीला उलट चांगला प्रतिसाद दिला होता.

शिवाय हे बरेचसे अभ्यास युरोप-अमेरिकेतले. तिथे विषाणू नसलेले प्रौढ भरपूर सापडतात, तुलना करता येते. आपल्याकडे तो आईच्या दुधातून, लाळेतून लहानपणीच येतो. बारशाला आलेली प्रत्येक आत्या-मावशी बाळाचा मुका घेते, आजी आपल्याच ताटातला मऊ भात भरवते. भारतात बहुतेक प्रौढ बाधितच निघतात. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांचं रक्त उद्या कुणी तपासलं, तर तुलनेला विषाणू नसलेला आजोबा शोधायचा कुठून?

नागिणीची नवी लस २०२३पासून भारतात पन्नाशीच्या पुढच्यांना मिळते. सायटोमेगॅलोची अजून नाही.