एअर की पाणी? नावेचं इंजिन मधेच बंद पडतं तेव्हा

काठाजवळ इंजिन ठणठणीत चालतं. गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये नाव जरा आत गेली, वारा सुटला, लाटा उठल्या की ते अडखळायला लागतं. आवाज वरखाली होतो, धूर बदलतो आणि शेवटी बंद. नावेतले सगळे एकच सांगतात, "एअर धरली असंल, एअर काढ," म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकली, ती काढ. मग फिल्टरवरचा बोल्ट ढिला करायचा, फेस जाऊन नुसतं डिझेल यायला लागलं की आवळायचा. इंजिन सुरू होतं. अर्ध्या तासानं पुन्हा तेच.

मेव्हण्याच्या नावेवर गेल्या पावसाळ्यात आम्ही हे इतक्यांदा केलं, की त्या बोल्टाचं डोकं झिजून गोल झालं. दोष एअरचा नव्हताच, टाकीत पाणी होतं. एअर काढताना फिल्टरमधलं थोडं पाणीही बाहेर जात होतं, म्हणून इंजिन चालत होतं. आणि ते चालत होतं म्हणून आम्ही एअरलाच धरून बसलो होतो. ही चूक गावोगावी होते, शेतातल्या पाण्याच्या इंजिनावरही होते, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन्हींची लक्षणं सारखी का दिसतात, ते टाकीच्या रचनेत आहे. एक लिटर पाणी एक किलो भरतं, एक लिटर डिझेल साधारण 820 ते 845 ग्रॅम. त्यामुळे पाणी तळाशी बसतं. डिझेल ओढणारी नळी तळाला टेकलेली नसते, थोडी वर असते. नाव स्थिर असली की पाणी नळीच्या खाली पडून राहतं आणि इंजिनाला चांगलं डिझेल मिळतं. लाटेनं टाकी हलली की तेच पाणी उसळून नळीत जातं. आता दुसरी बाजू बघा: टाकीत डिझेल कमी असेल तर त्याच लाटेनं नळीचं तोंड उघडं पडतं आणि हवा आत जाते. लाट तीच, वेळ तीच, अडखळणंही तेच.

यातून एक सोपी परीक्षा निघते. टाकी काठोकाठ भरा आणि त्याच पाण्यात, तशाच वाऱ्यात नाव न्या. त्रास थांबला तर नळी उघडी पडून हवा जात होती. थांबला नाही तर आधी पाण्याचा संशय धरा, कारण टाकी भरल्यानं तळातलं पाणी कुठं जात नाही.

हवा आत जायची दुसरी वाट म्हणजे ओढणाऱ्या बाजूची गळती: तडकलेली रबरी नळी, दबलेला तांब्याचा वायसर, सैल क्लॅम्प. ही गळती फसवी असते. इंजिन चालू असताना त्या नळीत बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो, म्हणून डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा मात्र आत जाते. रात्रभर नाव उभी राहिली की नळीतलं डिझेल टाकीत परत उतरतं आणि सकाळी इंजिन लवकर उठत नाही. सकाळचा त्रास रोजचा असेल तर आधी वायसर बघा. टाकी इंजिनाच्या वर बसवलेली असेल, डिझेल आपल्या वजनानं खाली येत असेल, तर गोष्ट उलटी होते. तिथं सैल जोडातून डिझेलच ठिबकतं, हवा क्वचित शिरते. अशा इंजिनाला पुन्हा पुन्हा एअर काढावी लागत असेल, तर मी पहिला हात टाकीच्या तळाशी घालीन.

नजरेनं खात्री करायची असेल तर फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी लावा. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती तपासणीपुरती चालते, कायम ठेवू नका, डिझेलनं ती कडक होते. हवेचे बुडबुडे नळीच्या वरच्या बाजूनं पळतात. पाण्याचे थेंब खाली रेंगाळतात, मण्यांसारखे लोळतात.

पण सगळ्यात भरवशाची काचेची बाटली. टाकीच्या तळातून अर्धा लिटर काढा आणि एक तास हलवू नका. मधे रेघ दिसली तर खालचं पाणी. इथं एक धोका आहे: तळातून निव्वळ पाणीच आलं तर रेघ दिसतच नाही, आणि स्वच्छ बाटली बघून माणूस समाधानी होतो. म्हणून बाटलीत चमचाभर पाणी टाका. ते थेंब होऊन खाली बसलं तर बाटलीत डिझेल आहे. विरून गेलं तर तुम्ही पाणीच भरून आणलंय. तळातला नमुना गढूळ दिसला, किंवा काळी चिकट साय आली, तर पाणी फार दिवसांपासून आहे. डिझेल आणि पाणी जिथं भेटतात तिथं जिवाणू आणि बुरशी वाढते, आणि तीच साय फिल्टर चोंदवते.

हे ओळखण्याची घाई का, तर नुकसान सारखं नाही. एअरनं इंजिन बंद पडतं, इतकंच. इंजिनाला डिझेल ढकलणाऱ्या पंपातल्या दट्ट्याला मात्र वंगण डिझेलचंच असतं, आणि त्याची फट केसापेक्षा कितीतरी बारीक. तिथं पाणी गेलं की दट्ट्या घासतो, गंजतो. डिझेल फवारणाऱ्या गरम नोझलच्या टोकात पाण्याची वाफ झाली तर टोक उडूही शकतं. म्हणून शंका असेल तर आधी पाणी बघा, मग एअर.

पेट्रोलच्या इंजिनाला हे सगळं जसंच्या तसं लावू नका. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते पाणी स्वतःत घेतं आणि प्रमाण वाढलं की दोघंही मिळून खाली बसतात.

पाणी सापडलं, आता ते आलं कुठून? तीन बाटल्या घ्या: पंपावरून आणलेल्या कॅनमधली, घरच्या ड्रमच्या तळाची, टाकीच्या तळाची. तिन्हींवर चिठ्ठी चिकटवा. कॅनमध्ये पाणी असेल तर आधी कॅन बघा, बरेचदा तो नदीवर खंगाळून ओलाच भरलेला असतो. कॅन कोरडा असूनही पाणी आलं, तर पंपावर जाऊन मोजपट्टीला पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावून त्यांच्या टाकीत मोजायला सांगा.

आमच्याकडे दोषी निघाला ड्रम. 200 लिटरचा ड्रम अंगणात उभा ठेवला की पावसाचं पाणी वरच्या काठात साचतं आणि बूच त्यात बुडतं. दिवसा ड्रम तापतो, आतली हवा फुगून बाहेर जाते. रात्री किंवा सरीनं थंड झाला की तो हवा ओढतो, आणि बुचाच्या आट्यांतून हवेऐवजी पाणी आत घेतो. विदर्भात जूनमध्ये तापलेल्या पत्र्यावर सर येते, तेव्हा तर फारच. बूच घट्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ड्रम छपराखाली आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, डिझेलच्या पातळीखाली राहतील अशी.

कॅन आणि ड्रम कोरडे निघाले तर टाकीचं झाकण, त्याचं रबर आणि हवेची नळी तपासा. झाकणाभोवती पाणी साचत असेल तर शोध तिथंच संपतो. थंडीत अर्ध्या रिकाम्या टाकीत दव धरतं हेही खरं, पण ते थोडंथोडं साचतं. एका रात्रीत पेलाभर पाणी दवानं येत नाही.

काढलेलं पाणी-डिझेल पाण्यात ओतू नका, मासे आपलेच आहेत. जुन्या डब्यात भरून गॅरेजवर द्या. टाकी पुसून घ्या, फिल्टर नवा टाका. या वेळी मात्र नळ्या खरंच रिकाम्या झालेल्या असतात, तेव्हा बोल्ट ढिला करा आणि एअर काढा.