संख्याबोध (प्राथमिक वर्गातला)

संख्याबोध, किंवा आता सर्रास म्हणतात तसं नंबर सेन्स, म्हणजे आकड्यांशी अशी ओळख की मूल त्यांना हवं तसं फोडतं, जोडतं आणि आलेलं उत्तर पटण्यासारखं आहे का हे स्वतःच ठरवतं. मोजता येणं, पाढे पाठ असणं, उभी बेरीज जमणं हे सगळं त्याच्या आसपासचं, पण यातलं एकेकटं काहीही म्हणजे संख्याबोध नव्हे. ३९ अधिक २६ घ्या. एक मूल खालीवर मांडून नऊ आणि सहा पंधरा, पाच लिहिले हातचा एक असं करत ६५ वर येतं, दुसरं २६ मधला एक ३९ ला देऊन ४० करतं आणि ४० अधिक २५ म्हणून मोकळं होतं, आणि तिसरं मूल हातचा न घेता सरळ ५१५ लिहून शांतपणे पुढच्या गणिताकडे वळतं. पहिल्या दोघांपैकी कोणाची समज जास्त हे एवढ्यावरून सांगता येत नाही. तिसऱ्याचं मात्र कळतं, कारण हातचा कोणीही विसरतं, पण दोन छोटे आकडे मिळून पाचशेच्या वर कसे गेले हा प्रश्नच त्याला पडला नाही.

आत्मविश्वासाचा मुद्दा इथेच येतो. गणितात आत्मविश्वास म्हणजे "तुला जमेल रे" हे ऐकून आलेला उत्साह नाही, तो दोन मिनिटं टिकतो. एकाच उत्तरापर्यंत जायला दोन वाटा माहीत असल्या की मूल एका वाटेनं जातं, दुसऱ्या वाटेनं पडताळून बघतं, आणि मग बाईंच्या किंवा सरांच्या चेहऱ्याकडे बघायची त्याला गरज उरत नाही. म्हणून प्राथमिक वर्गात संख्याबोध आणि आत्मविश्वास या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवता येत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

कल्पना कुठून आली

टोबियास डँट्झिग या गणितज्ञानं १९३० सालीच संख्येच्या जाणिवेबद्दल लिहिलं होतं, पण त्याला एवढंच म्हणायचं होतं की छोट्या समूहात एखादी वस्तू वाढली किंवा कमी झाली की न मोजताही ते जाणवतं. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेनं शालेय गणिताचे जे निकष काढले त्यात संख्याबोध आला आणि तो शिक्षकांच्या बोलण्यात रुळला. पुढे १९९७ मध्ये स्तानिस्लास देहान या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञाच्या पुस्तकामुळे मेंदूवाले आणि शाळावाले दोघं हा शब्द वापरू लागले, पण दोघांचा अर्थ एक नाही. मेंदूवाले उपजत जाणिवेबद्दल बोलतात आणि शाळावाले शिकून आलेल्या समजेबद्दल, त्यामुळे वाचताना कोण बोलतंय ते बघावं.

मूल काय घेऊन येतं

मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. १९९२ मध्ये कॅरन विन यांनी पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक बाहुली ठेवून पडदा लावला, मग पडद्यामागे दुसरी ठेवली, आणि पडदा काढल्यावर कधी दोन दाखवल्या तर कधी एकच. एकच दिसली की बाळं जास्त वेळ टक लावून बघत राहिली, म्हणजे काहीतरी गडबड आहे हे त्यांना जाणवत होतं. २००० मध्ये फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांना सहा महिन्यांच्या बाळांमध्ये असं दिसलं की ८ आणि १६ ठिपक्यांमधला फरक त्यांना कळतो पण ८ आणि १२ मधला कळत नाही. म्हणजे ही उपजत जाणीव फरकापेक्षा पटीवर चालते आणि ती ढोबळ आहे. बरोबर सात आणि बरोबर आठ हे वेगळे आहेत हे कळायला संख्यानामं आणि मोजणी शिकावी लागते, ते आपोआप येत नाही.

दुसरी देणगी म्हणजे तीन-चार वस्तू न मोजता एका नजरेत ओळखणं, ज्याला संशोधक १९४९ पासून सबिटायझिंग म्हणतात. वर्गात याचा उपयोग फार सोपा. ठिपक्यांचं कार्ड दोन सेकंद दाखवायचं, झाकायचं, आणि किती होते यापेक्षा "तुला ते कसे दिसले" हे विचारायचं. आठ ठिपके कोणाला पाच आणि तीन दिसतात, कोणाला चार-चारच्या दोन जोड्या, तर कोणाला दहात दोन कमी, आणि बघता बघता मुलं आठ फोडायला शिकलेली असतात, बेरजेचं चिन्हसुद्धा न लिहिता.

मोजणं दिसतं तितकं साधं नाही

रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली: एका वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम ठरलेला, शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या, मोजायचं काहीही असलं तरी चालतं, आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच. यातलं तिसरं सगळ्यात जास्त अडतं. मूल सात मण्यांवर बोट ठेवत सातपर्यंत छान म्हणतं आणि मग "किती आहेत?" विचारलं की परत एकपासून सुरू करतं, कारण त्याच्या लेखी सात हे शेवटच्या मण्याचं नाव आहे, अख्ख्या ढिगाचं नाही.

स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो, सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक पसरवली की लहान मुलं म्हणतात त्यात जास्त आहेत. पण १९७० च्या दशकात मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी ओळ मोठ्या माणसाऐवजी एका खोडकर टेडी अस्वलाकडून विस्कटवली तर बरीच जास्त मुलं बरोबर बोलली. याच सुमारास रोझ आणि ब्लँक यांनी प्रश्न दोनदाऐवजी एकदाच विचारला तरी चुका कमी झाल्या. याचा एक अर्थ असा लावला गेला की मोठा माणूस मुद्दाम काहीतरी करून तोच प्रश्न परत विचारतोय म्हणजे आधीचं उत्तर चुकलं असणार, असं मूल धरून चालतं. "नक्की का? परत बघ" हे आपण फक्त चुकलेल्या मुलालाच म्हणत असू तर वर्ग ते आठवड्याभरात ओळखतो. बरोबर उत्तरालाही तितक्याच सहज "कसं काढलंस?" विचारायला हवं, नाहीतर तो प्रश्न म्हणजे लाल शेराच होतो.

भाषेचाही भाग आहे यात. चिनीत अकरा म्हणजे सरळ दहा-एक, त्यामुळे दशक-एकक शब्दातच ऐकू येतो. जर्मन आणि मराठीत एकक आधी बोलतात, सदतीसमध्ये सात आधी ऐकू येतो आणि लिहायचा तीन आधी, म्हणून ७३ लिहिणाऱ्या मुलाला लगेच बेफिकीर ठरवू नये. वर एकोणतीस, एकोणचाळीस ही पुढच्या दशकातून एक वजा करून झालेली नावं, आणि त्यांची सवय होते न होते तोच नव्व्याण्णव वेगळाच निघतो. शब्दांवर इतका भार पडत असताना काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे समोर असणं फार गरजेचं आहे.

दहाशी मैत्री

पहिली-दुसरीत एकच गोष्ट पक्की करायची तर ती दहाची फोड. ७ ला ३ हवेत, ६ ला ४ हवेत हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं की ८ अधिक ५ म्हणजे ८ ला २ दिले, उरले ३, तेरा, असं होतं. यासाठी पाच-पाचच्या दोन ओळींची दहा घरांची चौकट वापरतात, नेदरलँड्समधून आलेली वीस मण्यांची मणीमाळही वापरतात, बेल्जियन शिक्षक जॉर्ज क्विझनेअर यांच्या रंगीत पट्ट्या आणि झोल्टन डीन्स यांचे एकक-दशक-शतकाचे ठोकळे आहेतच. साधन कुठलंही चालतं. जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये कृती, चित्र आणि चिन्ह अशा तीन रूपांबद्दल लिहिलं, आणि नेहमीची गफलत अशी की वस्तू एक दिवस हाताळायला देऊन दुसऱ्या दिवशी थेट चिन्हांवर उडी मारतात, मधलं चित्र गाळूनच टाकतात. उलटी गफलतही दिसते, ठोकळे वर्षभर टेबलावर आणि मुलं त्यांच्याशिवाय हलत नाहीत. ठोकळे झाकून "आता मनात बघून सांग" म्हणायची वेळ कधी आली हे शिक्षकालाच ओळखावं लागतं.

ग्रे आणि टॉल यांनी १९९४ मध्ये जे दाखवलं ते वाचून मला मुलांची कीव आली. गणितात पुढे असलेली मुलं माहीत असलेल्यातून नवीन काढतात, ६ अधिक ६ बारा म्हणून ६ अधिक ७ तेरा. मागे पडलेली मुलं एकेक मोजतच राहतात, १६ मधून १३ वजा करायचे तर सोळापासून उलटं तेरा वेळा मोजतात. म्हणजे ज्याला गणित जड जातं तोच जास्त कठीण गणित करत असतो, आणि आपण वर त्याला आणखी सराव देतो, तोही मोजण्याचाच. बोटं वापरण्यात गैर काही नाही, दटावलं की बोटं टेबलाखाली जातात एवढंच होतं. बोटांवरून पुढे जायची वाट दाखवणं हे खरं काम.

संख्यारेषा

१५० हा आकडा ० ते १००० च्या रिकाम्या रेषेवर कुठे येईल असं दुसरीतल्या मुलांना विचारलं तर बरीच जण तो फार उजवीकडे टाकतात, म्हणजे छोट्या आकड्यांना ऐसपैस जागा आणि मोठे सगळे एका टोकाला दाटीवाटीनं. सीगलर आणि ऑप्फर यांनी २००३ मध्ये हे नीट मोजलं, वयाबरोबर ही रेषा हळूहळू सरळ होते. सीगलर आणि रमानी यांनी २००८ मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांना १ ते १० घरांचा एका रेषेतला पटखेळ दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटं चारदा खेळवला आणि त्यांचा अंदाज सुधारला, आकड्यांऐवजी रंगांची घरं असलेल्या खेळानं काही झालं नाही. बारकावा असा की सोंगटी पाचवर असेल आणि दोन घरं जायचं असेल तर "एक, दोन" न म्हणता "सहा, सात" म्हणायला लावायचं. नाहीतर मूल खेळतं मजेत पण आकडे बघतच नाही.

तोंडी गणिताची चर्चा

नंबर टॉक नावानं ओळखला जाणारा हा प्रकार कॅथी रिचर्डसन आणि रूथ पार्कर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सुरू केला. दहा-पंधरा मिनिटं, कागद-पेन्सिल बंद, फळ्यावर एकच गणित, समजा १८ गुणिले ५. उत्तर आलं की हात हलवत "मी मी" करायचं नाही, छातीशी अंगठा धरायचा, दुसरी रीत सापडली तर आणखी एक बोट. यामुळे हळू विचार करणाऱ्याला शेजाऱ्याच्या हाताचा धाक राहत नाही. मग शिक्षक सगळी उत्तरं फळ्यावर लिहितात, चुकीचीसुद्धा, आणि कोणी कसं काढलं ते मुलांच्याच शब्दात. कोणी ९ गुणिले १० करतं, कोणी २० पंचे १०० मधून १० काढतं, कोणी ५० आणि ४० मिळवतं. कुणाचं ८० आलेलं असेल तर बहुतेक वेळा तेच मूल सांगता सांगता मध्येच थांबतं आणि म्हणतं, थांबा, मी दोनदा दहा वजा केले.

सगळ्यात अवघड काय असेल तर शिक्षकाचा चेहरा. बरोबर उत्तराला भुवया वर गेल्या की चर्चा संपली, बाकीचे वीस जण विचार करणं सोडून देतात. शिवाय चार-पाच रीती आल्या की त्या सगळ्या सगळ्यांकडून घोकून घ्यायचा मोह होतो, आणि मग ती चर्चा पाठांतराचा नवीन धडा होऊन बसते.

धास्ती

गणिताची भीती मोजायची पहिली मोठी प्रश्नावली फ्रँक रिचर्डसन आणि रिचर्ड सुइन यांची, १९७२ ची, आणि ती मोठ्यांसाठी होती. नंतर कळलं की ही भीती पहिली-दुसरीतच दिसते. २०१३ मध्ये जेरार्डो रमिरेझ आणि सहकाऱ्यांना असंही आढळलं की ज्या मुलांची तात्पुरती स्मरणशक्ती चांगली त्यांच्या गणितावर भीतीचा परिणाम जास्त होतो, कारण डोक्यात जी जागा हिशोबाला लागते तीच काळजी खाऊन टाकते. २०१० मध्ये साएन बेलॉक आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात, शिक्षिकेलाच गणिताची धास्ती असेल तर वर्षाअखेर वर्गातल्या मुलींपैकी "गणित मुलग्यांचं" असं मानणाऱ्यांचे गुण कमी दिसले. तेव्हा "मलाही गणित कधी आलं नाही गं" हे दिलासा म्हणून बोललेलं वाक्य वाटतं तितकं निरुपद्रवी नसावं.

आत्मविश्वास कशातून येतो यावर अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये चार स्रोत सांगितले, स्वतः करून जमलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहिलेलं, दुसऱ्यानं दिलेला धीर आणि शरीराची-मनाची त्यावेळची अवस्था. त्यांच्या मते सगळ्यात भारी पहिला. म्हणून सोपी सोपी गणितं देऊन शाबासकी वाटण्यापेक्षा थोडं अडेल पण सुटेल असं एक गणित बरं.

भीतीचा दुसरा चेहरा म्हणजे निमूटपणा. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या एका गटानं १९८० च्या आसपास ९७ मुलांना विचारलं की जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत तर कप्तानाचं वय किती, आणि ७६ मुलांनी त्या आकड्यांवरून उत्तर काढलं. ती मुलं ढ नव्हती, शाळेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतंच हे ती शिकलेली होती. बरोबरच्या चिन्हाचंही तसंच, ८ + ४ = □ + ५ मध्ये चौकटीत ७ यायला हवेत, पण १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांपैकी सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिले, कारण त्यांच्या वह्यांमध्ये ते चिन्ह "आता उत्तर लिही" एवढंच सांगत आलेलं असतं. अधूनमधून १२ = ७ + ५ असं उलटं लिहिलं किंवा ६ + ३ = ५ + ४ खरं की खोटं असं विचारलं तरी हे बरंच सुटतं.

वेग आणि पाढे

इथे भांडणं खूप होतात. एक बाजू म्हणते पाठांतर बंद करा, दुसरी म्हणते पाढे नाहीत म्हणून तर सगळं बिघडलं. ७ गुणिले ८ साठी दर वेळी थांबावं लागलं तर मोठ्या भागाकारात मूल हरवतं, तेव्हा पाढे लागतातच. पण घड्याळ लावून शंभर गणितं आणि भिंतीवर नावांची क्रमवारी हा त्याचा मार्ग नाही. आधी ७ पंचे ३५ वरून ७ सक ४२ काढता यावं, मग ते पाठ व्हावं, आणि वेग मोजायचाच असेल तर मुलानं स्वतःच्या मागच्या वेळेशी मोजावा.

काही मुलांना मात्र हे सगळं करूनही आकडे पकडता येत नाहीत, चार ठिपकेही मोजावे लागतात, ६ मोठा की ९ हे विचार करून सांगावं लागतं. लाडिस्लाव कॉश यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे गणितापुरत्या शिकण्यातल्या अडचणीची, ही लक्षणं असू शकतात, अभ्यासांमध्ये साधारण ३ ते ७ टक्के मुलं असा अंदाज येतो. अशा मुलाला आळशी म्हणून चालत नाही आणि शिक्षकानं स्वतः निदान करूनही चालत नाही, तज्ज्ञांकडून तपासणी हवी. तोवर वर्गात ठिपक्यांची कार्डं, दहाची चौकट आणि जास्तीचा वेळ चालूच ठेवायचा, त्यासाठी निदानाची वाट बघायची गरज नाही.