शेणातल्या जंतांची ओळख: आमचा अहवाल कसा वाचावा

(गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्री पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

नमुना देताना बहुतेक जण एकच विचारतात, "जंत आहेत का?" अहवाल हातात पडतो तेव्हा त्यात 'स्ट्राँगाइल गटाची अंडी', 'टोक्सोकारा', 'ट्रायक्युरिस' अशी नावे असतात. कुठले औषध द्यायचे, कधी द्यायचे आणि मुळात द्यायचे की नाही, हे त्या नावांवर ठरते. म्हणून ही माहिती.

गोलकृमी ओळखायचा कसा

जनावरांच्या पोटात आढळणारे जंत ढोबळपणे तीन प्रकारचे. पट्टकृमीचे अंग खंडाखंडांचे असते आणि त्याला आतडेच नसते. पर्णकृमी, म्हणजे लिव्हर फ्लूक आणि त्याचे भाईबंद, चपटे असतात. गोलकृमीला खंड नसतात, दोन्ही टोके निमुळती, अंगावर चिवट आवरण आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंत सलग अन्ननलिका. नर आणि मादी वेगवेगळे. मादी सहसा मोठी, नराची शेपटी वळलेली किंवा पसरट पिशवीची. स्नायू फक्त लांबीच्या दिशेने असल्यामुळे तो नुसता वळवळतो. अंड्यातून निघाल्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत तो चार वेळा कात टाकतो. लांबीचे म्हणाल तर काही मिलिमीटरपासून स्पर्म व्हेलच्या वारेत सापडणाऱ्या ८ मीटरच्या जातीपर्यंत.

हा फरक औषधाच्या दुकानात कामाला येतो. आयव्हरमेक्टिन गोलकृमींवर चालते. पट्टकृमी आणि पर्णकृमींवर त्याचा उपयोग नाही.

पूर्वी शेपटीजवळची सूक्ष्म ज्ञानेंद्रिये आहेत की नाहीत, यावरून गोलकृमींचे दोन वर्ग करत. १९९८ साली डीएनएच्या आधारे पाच शाखा मांडल्या गेल्या, आणि परजीवी जाती एकाच घराण्यातल्या नसून वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे परजीवी झाल्या, हे स्पष्ट झाले. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र आम्ही आजही तोंड, शेपटी आणि अंडे हेच पाहतो.

शेळ्यांचा खरा शत्रू

पावसाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या शेळ्यांच्या लेंड्यांत आम्ही सर्वांत आधी हिमाँकसचा विचार करतो. हा चौथ्या पोटात राहतो. मादी २ ते ३ सेंटिमीटरची. रक्ताने भरलेले लाल आतडे आणि त्याभोवती गुंडाळलेले पांढरे अंडाशय यामुळे ती लाल-पांढऱ्या पिळाच्या दोरीसारखी दिसते. तोंडात एक बारीक सुरी असते, तिने पोटाचे अस्तर चिरून रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण ५,००० जंत असले तर रोज पाव लिटर रक्त गेले. शेळीला हगवण लागतेच असे नाही, त्यामुळे मालक गाफील राहतो. पापणीचा आतला भाग पांढुरका दिसला आणि जबड्याखाली पाणी उतरले, तर वाट पाहू नका.

मादी दिवसाला हजारो अंडी घालते. उबदार ओलाव्यात आठवडाभरात अळी तयार होऊन ओल्या गवतावर चढते. आपल्याकडे जूनपासून चवथीपर्यंत सड्यावर आणि शेताच्या मेरांवर तिला हवे ते सगळे मिळते.

अडचण अशी, की हिमाँकस, ट्रायकोस्ट्राँगिलस, ईसोफॅगोस्टोमम यांची अंडी जवळपास सारखीच दिसतात. म्हणून अहवालात आम्ही 'स्ट्राँगाइल गट' एवढेच लिहितो. त्यापुढे अंदाजाने नाव घालणे आम्हाला मान्य नाही. जात हवी असेल तर शेण ७ ते १० दिवस उबवून तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या वाढवाव्या लागतात आणि त्यांच्या शेपटीवरच्या आवरणाची लांबी पाहावी लागते. ट्रायक्युरिस, म्हणजे चाबूककृमी, अंड्यावरूनच कळतो: दोन्ही टोकांना बुचे.

रेडके, वासरे आणि कुत्र्याची पिल्ले

टोक्सोकारा व्हिट्युलोरम हा म्हशीच्या रेडकांना आणि गाईच्या वासरांना होणारा लांबलचक जंत. मादी ३० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. त्याच्या अळ्या आईच्या अंगात दडून राहतात आणि व्यायल्यावर दुधातून रेडकात उतरतात. आईच्या शेणात बहुधा एकही अंडे सापडत नाही. तेव्हा म्हशीचा अहवाल स्वच्छ आला म्हणून रेडकू सुरक्षित समजू नका. अंडी रेडकाच्या शेणात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दिसतात. औषधाचे पशुवैद्यांना त्याआधीच विचारा.

कुत्र्यांचा टोक्सोकारा कॅनिस पिल्लू जन्मण्याआधीच, वारेतून, त्याच्यात पोचतो. ताज्या विष्ठेतले अंडे लगेच बाधक नसते, जमिनीत दोन-तीन आठवडे जावे लागतात. त्यामुळे विष्ठा रोज उचलली तर घरातल्या मुलांचा धोका पुष्कळ कमी होतो. अंकुशकृमीचे तसे नाही. त्याच्या अळ्या ओल्या वाळूतून थेट माणसाच्या कातडीत शिरतात आणि खाजरी, नागमोडी रेघ उठते. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

नमुना कसा आणावा

जमिनीवर पडून राहिलेले शेण आणू नका. मातीत मोकळे जगणारे गोलकृमी त्यात शिरतात आणि निदान चुकते. शक्यतो गुदद्वारातूनच ताजे घ्या, घट्ट झाकणाच्या डबीत काठोकाठ भरा, कारण हवा मिळाली की उकाड्यात अंडी लवकर फुटतात. त्याच दिवशी आणता येत नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको. डबीवर जनावराचे वय आणि शेवटचे औषध कधी, कुठले दिले ते लिहा.

औषध दिल्यावर १४ दिवसांनी त्याच शेळ्यांचा दुसरा नमुना आणा. अंड्यांची संख्या ९५ टक्क्यांनी उतरली नसेल, तर जंत त्या औषधाला दाद देत नसण्याची शक्यता आहे. मात्रा वजनाप्रमाणे पूर्ण दिली होती का ते आधी तपासा, आणि दोन्ही अहवाल घेऊन पशुवैद्यांकडे जा.