सिकलसेलचा वाहक आणि सिकलसेलचा रुग्ण: ‘पॉझिटिव्ह’ एकच, अर्थ दोन

मागच्या पावसाळ्यात उत्तर नागपुरातली एक आई दोन मुलींचे दोन कागद घेऊन आमच्या तपासणी केंद्रात आली. दोन्ही कागदांवर एकच ओळ होती: सिकलसेल पॉझिटिव्ह. थोरली एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या कबड्डी संघात खेळणारी. धाकटी बारा वर्षांची, अंगाने बारीक, डोळे पिवळसर, वर्षातून तीन-चारदा हातपाय धरून रात्र रात्र रडणारी. आईने दोघींना एकाच मापात घातलं होतं. थोरलीची कबड्डी बंद केली होती आणि धाकटीला समजावत होती, “ताईले पाहा ना, तिलेबी हेच हाये, ते कुठं रडते?”

दोघींचं रक्त पुन्हा तपासलं. थोरली एएस निघाली, धाकटी एसएस. म्हणजे थोरली वाहक आणि धाकटी रुग्ण. पहिल्या कागदाने हा फरक सांगितलाच नव्हता, आणि त्यापायी एका मुलीचं मैदान सुटलं, दुसरीच्या दुखण्यावर कुणाचा विश्वास बसेना. विदर्भात हा घोळ मी इतक्या घरांत पाहिला आहे की एकदा नीट सोडवून लिहावा असं वाटलं.

आधी आजार म्हणजे काय ते पाहू. ‘रोग’ हा शब्द संस्कृतातल्या ‘रुज्’ धातूपासून आला, त्याचा अर्थ मोडणं, पीडा देणं. ‘रुग्ण’ही त्याच धातूतून आला. ‘आजार’ फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ त्रास, यातना. म्हणजे शरीराचं काही बिघडलं आहे आणि त्याची झळ त्या माणसाला बसते आहे, हे या शब्दांच्या पोटातच आहे. या कसोटीवर धाकटी आजारी आहे. थोरलीच्या रक्तात एक वेगळेपण आहे, पण त्याने तिचं काही मोडलेलं नाही. तिला आजारी म्हणणं चूक आहे.

मग लोक तिला आजारी का समजतात? माझ्या मते निम्मा दोष ‘वाहक’ या शब्दाचा आहे. हा शब्द आपण कुठे ऐकतो? डास हा डेंग्यूचा वाहक, डास हा मलेरियाचा वाहक. टायफॉइडचे जंतू पोटात बाळगून स्वतः ठणठणीत असलेला माणूसही वाहकच, आणि त्याच्या हातचं खाऊन दुसरे आजारी पडू शकतात. त्यामुळे वाहक म्हटलं की पसरवणारा असं मनात येतं. पण डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड हे संसर्गाचे आजार आहेत; त्यांच्यामागे बाहेरून शरीरात शिरणारा जंतू असतो. सिकलसेल आनुवंशिक आहे. त्यात जंतूच नाही. तो ताटातून, तांब्यातून, अंथरुणातून, डासातून कुणाला लागत नाही. आईबापाकडून जन्माच्या वेळी जे मिळालं ते मिळालं. नंतर तो कुणाला होत नाही, आणि वाहकाचा पुढे रुग्णही होत नाही. “आज एएस हाये, उद्या एसएस झालं तं?” हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. होत नाही. जन्मभर एएस तो एएसच राहतो.

आता रक्ताच्या आत. तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं, ते प्राणवायू वाहून नेतं. ते कसं बनवायचं याची सूचना प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते, एक आईची आणि एक वडिलांची. नेहमीच्या हिमोग्लोबिनला ए म्हणतात. सिकलसेलमध्ये त्याच्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. बदल एवढाच. त्या हिमोग्लोबिनला एस म्हणतात. प्राणवायू सोडल्यावर एसचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या तयार होतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी अन् ताठर होते. सिकल म्हणजे विळाच. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा पेशी पाहून नोंदवल्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये त्याची पहिली नोंद झाली.

एएस माणसाकडे एक प्रत ए आणि एक एस. त्याच्या पेशींत निम्म्याहून जास्त ए असतं आणि एस साधारण ३५ ते ४० टक्के. एवढं ए असल्यामुळे रोजच्या जगण्यात पेशी वाकड्या होत नाहीत. एसएस माणसाकडे दोन्ही प्रती एसच्या, ए तयारच होत नाही. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. एसएसची जेमतेम १० ते २० दिवस. शरीर नव्या पेशी करत राहतं आणि त्या फुटत राहतात. म्हणून हिमोग्लोबिन बहुधा ६ ते ९ ग्रॅममध्ये अडकलेलं, म्हणून डोळे पिवळे, म्हणून कमी वयात पित्ताशयात खडे.

पण रक्त कमी असणं हे यातलं सोपं दुखणं आहे. खरं दुखणं वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की सुरू होतं. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडांत, पाठीत, छातीत, पोटात कळा उठतात. बाळाला सहा महिने होईपर्यंत बहुधा काही दिसत नाही, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळत असतं. ते ओसरलं की हातापायांची बोटं सुजतात, आणि घरच्यांना वाटतं काहीतरी चावलं. जंतूंशी लढणारी प्लीहा हळूहळू निकामी होते, त्यामुळे लहान मुलांना न्यूमोनियासारखे संसर्ग जिवावर बेततात. काहींना लहानपणीच पक्षाघात होतो. काहींचा खुबा तिशीच्या आत झिजतो. कळ आणणारी कारणं आपल्या नागपुरात वर्षभर हजर असतात: मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की अंगातलं पाणी आटतं, डिसेंबरात थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि पावसाळ्यात ताप येतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून रात्रीच्या गाडीने मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, आलेली मुलं मी पाहिली आहेत. बाहेरून ना जखम दिसते ना सूज. म्हणून लोक म्हणतात, नाटक करते. या एका शब्दाचा मला फार राग येतो. वाहक बहिणीला काही होत नाही हा रुग्ण बहिणीच्या खोटेपणाचा पुरावा नाही. दोघींच्या रक्तातला तो फरक आहे.

वाहकाला मात्र औषध लागत नाही. आयुष्य इतरांइतकंच, खेळ, नोकरी, बाळंतपण सगळं नेहमीसारखं. फार उंच डोंगरावर किंवा भर उन्हात पाणी न पिता अंगमेहनत केली तर क्वचित त्रास होतो. कधी लघवीतून रक्त जातं, ते दाखवून घ्यावं. उलट एएसचा एक फायदाही आहे: फाल्सिपेरम जातीच्या मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून तो बऱ्यापैकी संरक्षण देतो. अँथनी अ‍ॅलिसन यांनी हे १९५४ मध्ये दाखवलं. जिथे मलेरिया पिढ्यान् पिढ्या होता तिथे एस टिकून राहिला, त्याचं कारण हे.

इथे एक वेगळी चूक होते. वाहक बाईचं हिमोग्लोबिन ८ आलं की “तिले सिकलसेल हाये, म्हणून” असं म्हणून सोडून देतात. एएसमुळे रक्त सहसा कमी होत नाही. तिच्या बाबतीत कारण बहुतेक वेळा लोहाची कमतरता असतं, म्हणजे तो तिसऱ्याच प्रकारचा, उणिवेचा आजार, आणि गोळ्यांनी बरा होणारा. उलट एसएस रुग्णाला न तपासता लोहाच्या गोळ्या देत राहणं बरं नव्हे. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात लोह आधीच साचलेलं असतं. त्याला फॉलिक आम्ल लागतं, लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस लागते, आणि बहुतेकांना हायड्रॉक्सीयुरिया, जे गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवून कळा कमी करतं. एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा गर, मिळाली तर प्रत्यारोपणाने आजार मुळातून जाऊ शकतो. विशेष म्हणजे हा दाता एएस असला तरी चालतो.

हे सगळं ज्या कागदावर अवलंबून आहे, तो कसा वाचायचा? शिबिरात बहुधा सोल्युबिलिटीची चाचणी होते. स्वस्त आणि झटपट. पण ती रक्तात एस आहे की नाही एवढंच सांगते. एएस आणि एसएस दोघांनाही ती पॉझिटिव्हच दाखवते. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ हा निकाल नाही. त्यापुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी हवीच. कोणतं हिमोग्लोबिन किती टक्के ते तिथे कळतं. सहा महिन्यांखालच्या बाळाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नये. आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर तपासणाऱ्याला आधी सांगा. दात्याचं ए मिसळल्याने एसएस रुग्णाचा कागद एएससारखा दिसू शकतो, आणि हा परिणाम दोन-तीन महिने राहू शकतो.

वाहक असणं आजार नाही, तरी लग्नाच्या वेळी ते माहीत हवं. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गर्भारपणात एसएस बाळाची शक्यता चारात एक. ‘पहिलं एसएस झालं, आता तीन बरी होतील’ असा हिशोब नसतो. दर वेळी फासा नव्याने पडतो. एक एएस आणि दुसरा एए असेल तर बाळ एसएस होत नाही, फार तर वाहक. म्हणजे एएस मुलीचं स्थळ मोडायचं काहीच कारण नाही, मुलाचं रक्त तपासायचं कारण आहे. त्यातही फक्त सिकलसेल निगेटिव्ह पाहून थांबू नये. बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक आणि एएस यांच्या बाळालाही सिकलसेलचा आजार होऊ शकतो. जरीपटक्यातल्या सिंधी कुटुंबांना थॅलेसेमियाची ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. बाकी शहराला ती कळायला हवी. दोघे एएस असून लग्न झालंच असेल तर दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी करता येते.

हा अमक्या जातीचा आजार, असंही ऐकतो. विदर्भात तो गोंड, माडिया, परधानांत आहे, बौद्धांत आहे, कुणबी आणि तेली समाजातही आहे. लपवण्याने तो तपासणीतून तेवढा सुटतो. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या रुग्णांसाठी आयुष्य घातलं. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा आजार आला. लाभ रुग्णाला आहे, वाहकाला नाही, आणि ते बरोबरच आहे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. तपासणी झाल्यावर दोन मिनिटं बसून कागद समजावणारं कुणी नसेल, तर माझ्यासमोरच्या त्या दोन कागदांसारखे आणखी कागद घरोघरी जातील.

त्या घराचं सांगायचं राहिलं. दोघींच्या वडिलांनी कधी रक्त दिलं नव्हतं. “ते तिच्या माहेरचं हाये,” असं ते म्हणत आणि आई खाली मान घालून ऐके. पण धाकटी एसएस आहे. एक एस आईकडून आला तर दुसरा बापाकडूनच यायला हवा. मी त्यांना कागदावर चार चौकटी काढून दाखवल्या. पुढच्या शनिवारी ते स्वतः आले, एचपीएलसी केली, एएस निघाले. बराच वेळ कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, “म्हणजे मलेबी हाये, अन् मी तं रोज पोते उचलतो.” थोडं थांबून विचारलं, “मंग मोठीले खेळू द्याचं ना?”

थोरली पुन्हा सरावाला जाते, सोबत पाण्याची मोठी बाटली घेऊन. धाकटीचं हायड्रॉक्सीयुरिया सुरू झालं आहे, दर महिन्याला तिच्या रक्ताच्या पेशी मोजतो. रात्री दुखायला लागलं की आता आई तिला ताईचं उदाहरण देत नाही, गाडी काढायला सांगते.