चित्रगुप्ताची वही आणि तीस नाणी

समोर दोन वाट्या, तीस नाणी आणि दोन रंगांचा एक फासा. मनातल्या मनात एक वाटी धरायची आणि फासा टाकायचा. एक रंग आला तर नाणं त्याच वाटीत, दुसरा आला तर दुसरीत. एक वाटी तुमची, दुसरी दूरगावच्या एका अनोळखी माणसाची. तोही तुमचाच देव मानणारा. पैसे खरे, आणि बघायला कुणी नाही. मनात कोणती वाटी धरली होती, हे तर चित्रगुप्तच जाणे!

इथे एकट्यादुकट्याची लबाडी पकडता येत नाही, पण शंभर जणांची येते. सगळे प्रामाणिक खेळले तर परक्याच्या वाटीत सरासरी पंधरा नाणी पडायला हवीत. जितकी कमी, तितका डल्ला.

बेंजामिन पर्झिकी आणि सहकाऱ्यांनी हा खेळ आठ समाजांतल्या 591 जणांना खेळायला लावला. त्यात टांझानियातले हाड्झा शिकारी होते, सायबेरियातले तुवा होते, मॉरिशसमधले हिंदूही होते. सोबत दोन प्रश्न : तुमचा देव वागणुकीबद्दल शिक्षा करतो का? मेल्यावर माणसाचं काय होतं, त्यात त्याचा हात असतो का? 2016 साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले. देव सगळं जाणतो आणि शिक्षाही करतो असं मानणाऱ्यांनी परक्याच्या वाटीत जास्त नाणी टाकली होती. फरक मोजक्या नाण्यांचाच, पण होता.

म्हणजे धाक कामाला येतो. मग स्वर्गाच्या आमिषाचं काय? अझीम शरीफ आणि मिजके रेमतुल्ला यांनी 2012 मध्ये 67 देशांची आकडेवारी ताडून पाहिली. नरक मानणारे जास्त तिथे गुन्हे कमी, स्वर्ग मानणारे जास्त तिथे गुन्हे जास्त! क्षमा मिळणारच असेल तर हात सैल सुटतो, असा एक तर्क. मला हा तर्क पटतो, पण देशोदेशीच्या सरासऱ्यांवरून माणसाच्या मनाचा ठाव घेणं जपूनच करावं. डेन्मार्कमध्ये नरकाला भिणारे मोजकेच, आणि गुन्हेही कमीच.

प्रयोगशाळेतले दाखलेही डळमळीत आहेत. देवाशी संबंधित शब्द नकळत वाचायला दिले की लोक दहा डॉलरांतले सरासरी 4.22 दुसऱ्याला देतात, एरवी 1.84, असं 2007 च्या एका प्रयोगात दिसलं होतं. 2015 मध्ये जास्त माणसं घेऊन तो पुन्हा केला, तेव्हा फरक दिसलाच नाही.

माझा कल वेगळीकडे आहे. परलोक फार लांब. माणूस बिचकतो तो आत्ता, इथे कुणी बघत असेल तर. जेसी बेरिंग आणि सहकाऱ्यांनी पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना चेंडू फेकायचा अवघड खेळ देऊन एकटं सोडलं. काहींना एक रिकामी खुर्ची दाखवून सांगितलं, की तिथे अ‍ॅलिस नावाची अदृश्य राजकन्या बसली आहे. तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या मुलांनी फसवणूक कमी केली. न ठेवणाऱ्यांपैकी काहींनी केली खरी, पण आधी खुर्चीवरून हात फिरवून पाहिला.